दांडिया बाजारातला माळा: डिझाइनरची फी कुठे वसूल होते, कुठे नाही

बडोद्याच्या जुन्या भागात, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, मांडवीच्या आसपासच्या पोळांमध्ये (जुन्या, गल्लीवजा वस्त्यांमध्ये), अजून बरीच घरं अशी आहेत ज्यांचा सगळ्यात वरचा मजला वर्षानुवर्षं फक्त अडगळीसाठी आहे. सागवानी तुळया, कडीपाट (कड्यांवर ठोकलेल्या लाकडी फळ्या), वर मंगलोरी कौलं. खाली माणसं राहतात. वर गणपतीची आरास, पितळी पातेली, मोडका पाळणा आणि पारव्यांचा संसार. असा माळा राहण्याजोगा करून देणाऱ्या एका लहान डिझाइन कार्यालयाच्या सेवेचं हे परीक्षण आहे. दोन डिझाइनर, बाहेरून बोलावलेले एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि ठरलेली सुतारांची टोळी, एवढाच त्यांचा पसारा. नाव देत नाही, कारण इथे तपासली आहे ती कामाची पद्धत, आणि ती कुणाकडूनही मागून घेता येते.

निकाल आधीच सांगून टाकतो. लाकूडकाम आणि छप्पर उत्तम, जिना चांगला, वीज ठीकठाक, काचेची कौलं फसलेली, वेळापत्रक तर पारच कोलमडलेलं. तरीही ही सेवा घ्यावी असं आमचं मत आहे, आणि त्याचं कारण रंगसंगती किंवा फर्निचर नाही. या कार्यालयाने डिझाइनची सुरुवात उंची आणि वजन या दोन गोष्टींपासून केली, आणि त्या दोन्ही घरच्या माणसांकडून कागदावर उतरवून घेतल्या.

माळा १५ फूट रुंद आणि २२ फूट लांब आहे. म्हणजे ३३० चौरस फूट. पण बाजूच्या भिंती ४ फुटांवर संपतात आणि आढं ९ फुटांवर आहे, त्यामुळे हा आकडा जाहिरातीपुरताच. डोकं न आपटता उभं राहायला साडेसहा फूट लागतात, आणि तेवढी उंची फक्त मधल्या साडेसात फुटांच्या पट्ट्यात मिळते. १६५ चौरस फूट, बरोबर अर्धी जागा. खुर्चीत बसून काम करायला पाच फूट पुरतात. तो पट्टा १२ फुटांचा. दोन्ही कडांचे दीड-दीड फूट खण आणि पेट्यांखेरीज कशालाच उपयोगाचे नाहीत.

पहिल्या भेटीत डिझाइनरने लॅपटॉप उघडलाच नाही. अडगळ एका बाजूला सरकवली, ओळंबा सोडून जमिनीवर खडूने दोन्ही बाजूंना दोन-दोन रेघा ओढल्या, एक साडेसहा फुटांची, एक पाच फुटांची, आणि घरच्यांना म्हणाला, आता यात खुर्च्या, गादी आणि टेबल मांडून दाखवा. मधोमध पलंग ठेवायचा घरच्यांचा बेत तिथेच गळाला. उभं राहण्याची जागा झोपण्यासाठी खर्च करणं म्हणजे माळ्यावर सगळ्यात मोठी उधळपट्टी. पलंग कडेला गेला, डोक्याकडची बाजू पाच फुटांच्या रेघेच्या आत आली, आणि मधला पट्टा वावरायला मोकळा राहिला. त्रिमितीय चित्रांत हे कळत नाही, कारण त्या चित्रांतला कॅमेरा नेहमी आढ्याखाली उभा असतो.

त्याच भेटीत विचारलेला आणखी एक प्रश्न फार आवडला: पावसाळ्यात बादल्या कुठे कुठे ठेवता? गळतीचा इतका अचूक नकाशा कुठल्याही यंत्राने मिळत नाही. घरच्या काकूंनी चार जागा दाखवल्या. त्यातल्या तीन एकाच तुळईच्या रेषेत होत्या, आणि पुढे तीच तुळई भिंतीत कुजलेली निघाली.

वजनांची यादी

माळ्यावर काय जाणार याची यादी सगळेच डिझाइनर मागतात. इथे प्रत्येक वस्तूपुढे किलो लिहायला सांगितलं. पुस्तकांच्या फळीचं वजन धावत्या फुटाला ८ ते १० किलो धरलं, म्हणजे ६ फूट रुंद आणि पाच कप्प्यांचं कपाट नुसत्या पुस्तकांचंच २४० ते ३०० किलो. ५०० लिटरची पाण्याची टाकी भरली की अर्धा टन. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, जुनं लोखंडी कपाट, व्यायामाची सायकल, सगळं यादीत आलं. यादी पाहून टाकी त्याच दिवशी रद्द झाली आणि पुस्तकांचं कपाट मधोमध न ठेवता तुळयांना आडवं, भिंतीलगत गेलं. तुळईच्या मध्यावर ठेवलेलं वजन तिला सर्वांत जास्त वाकवतं. तेच वजन टेकूजवळ नेलं की वाकणं झपाट्याने कमी होतं.

इंजिनिअरचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. राहत्या खोलीच्या जमिनीसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो वापराचा भार धरायला सांगतं. इथे ६ इंच बाय ९ इंचांच्या सागवानी तुळया सुमारे साडेचार फुटांवर आहेत, आणि त्यांचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, १५ फुटांचा. जमिनीचं स्वतःचं वजन मिळवून तुळई मोडण्याची भीती नाही. ताकदीच्या निम्म्यावरच काम भागतं. पण मधोमध ती सुमारे १४ मिलिमीटर वाकते. लाकडी बांधकामाच्या आयएस ८८३ प्रमाणे साध्या तुळईला गाळ्याच्या २४० व्या भागापर्यंत, म्हणजे इथे १९ मिलिमीटर वाकण्याची मुभा आहे. खाली जिप्समसारखं ठिसूळ छत असेल तर मात्र ३६० वा भाग, १२.७ मिलिमीटर. म्हणजे वर माणसं नांदू शकतात, पण खालच्या दिवाणखान्यात जिप्समचं छत लावलं तर त्याला भेगा पडणार. घरच्यांना ते छत हवं होतं. डिझाइनरने चक्क नाही म्हटलं, हिशोब दाखवला, आणि कडीपाट खालून साफ करून तसाच उघडा ठेवला. छताच्या कामाची कमाई या नकारात गेली. फी कुठे वसूल होते याचं पहिलं उत्तर हे.

दुसरं उत्तर जमिनीचं. शहरातल्या बहुतेक ठेकेदारांचा पहिला सल्ला असतो, पाटांवर दोन इंच माल टाका आणि टाइल बसवा, काम पक्कं. ५० मिलिमीटर सिमेंटचा थर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, वर टाइल आणि चिकटवणी धरून सव्वाशे. ३३० चौरस फुटांवर हे साडेतीन टनांच्या वर जातं, आणि हा भार कायमचा असतो. पाहुण्यांसारखा संध्याकाळी उठून जात नाही. शिवाय ओल्या मालाचं पाणी पाटांत मुरतं, आणि तुळया हलल्या की टाइलचे सांधे वर्षभरात सुटतात. इथे जुने पाट तपासून, सैल झालेले पुन्हा ठोकून, वर ५ मिलिमीटर रबराचा थर, त्यावर १९ मिलिमीटर जाडीचा आयएस ७१० दर्जाचा (पाण्याला टिकणारा) प्लाय आणि वर विनाइल पट्ट्या आहेत. प्लायचे सांधे एकाखाली एक न येऊ देता विटांसारखे चुकवले आहेत आणि भिंतीपाशी १० मिलिमीटर जागा सोडली आहे. रबर घातल्यामुळे खाली पावलांचा धपधप आवाज बराच दबतो; पूर्ण जात नाही, आणि जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

लाकूड उघडून पाहणं

सागवानाला काही होत नाही, हा समज जुन्या घरांचं नुकसान करतो. सागाचा गाभा टिकाऊ असतो, पण तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वर्षानुवर्षं ओल्या चुन्यात आणि मातीत राहिलं की बुरशी धरतंच. बाहेरून रंग दिलेला असतो, टोकाला हात लागत नाही. या सेवेत आराखड्याआधी प्रत्येक तुळईच्या टोकापाशी भिंतीचा एक वीत भाग फोडून पाहिला गेला. टोचा मारला, किती खोल जातो ते मोजलं, ओल मोजायच्या यंत्राचे आकडे खडूने तुळईवरच लिहिले. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी वाढते. १५ च्या खाली आली की काळजी मिटते. चार तुळयांपैकी एकीचं टोक सुमारे १४ इंच भुसभुशीत निघालं. कड्यांमध्ये भुंग्याची बारीक भोकं आणि पिठासारखी पूड दिसली, पण ती फक्त कडेच्या पांढऱ्या लाकडात, म्हणून कड्या बदलल्या नाहीत. भोकांखाली काळा कागद ठेवून काही दिवसांनी पूड पुन्हा पडते का ते पाहिलं. पूड पडली नाही तर किडा बहुधा जुना आणि मेलेला. औषध विकणारे हे कधी सांगत नाहीत.

कुजलेली तुळई सबंध बदलायची म्हणजे वरचं छप्पर आणि खालची भिंत दोन्ही उघडायची. त्याऐवजी दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट लांबीचे आयएसएमसी १०० (१०० मिलिमीटर उंचीचे) लोखंडी चॅनल लावले, आरपार १२ मिलिमीटरचे बोल्ट, आठ-आठ इंचांवर, एक वर एक खाली असे. कुजकं टोक कापून टाकलं, चॅनलची टोकं भिंतीत दगडी पाटावर टेकवली आणि भोवती एक इंच मोकळी जागा ठेवली, म्हणजे हवा खेळते. लोखंडाला झिंक प्रायमर, आणि लाकडाला टेकणाऱ्या बाजूला डांबरी रंग. काम करताना खालून दोन लोखंडी जॅक. जॅक एकाच वेळी करकचून आवळायचा नसतो. तुळई वर्षानुवर्षं वाकून बसलेली असते, तिला घाईने सरळ केलं तर खालच्या मजल्याच्या भिंतीला तडे जातात. सुतारांनी रोज थोडा पेच दिला, आणि तुळई पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरला नाही, हेही बरोबर. एक दोष मात्र लिहायला हवा: बोल्टांची डोकी खालच्या दिवाणखान्यातून दिसतात आणि सरळ रेषेत नाहीत. भोकं पाडण्यापूर्वी पुठ्ठ्याचा साचा केला असता तर हे टळलं असतं.

वाळवीसाठी भिंतीच्या बुंध्याशी आणि तुळयांच्या टेकूपाशी क्लोरपायरीफॉस २० टक्क्यांचं औषध, एक लिटरला १९ लिटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण. माळ्याच्या आत मात्र ते फवारलं नाही, उघड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दिलं. झोपायच्या खोलीत हाच फरक पाळायला हवा.

छप्पर: सगळ्यात मोठा वाद

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळीशी ओलांडतो आणि कौलांखालचा माळा दुपारी भट्टी होतो. उष्णतारोधक थर हवाच. प्रश्न होता वाशांच्या खाली की वर. खाली लावला तर काम सोपं, स्वस्त, कौलं न काढता होतं. पण थर, पट्ट्या आणि बोर्ड मिळून चार इंच जाडी होते, आणि उतारामुळे उंचीत ती जवळजवळ पाच इंच खाते. उभं राहण्याचा साडेसात फुटांचा पट्टा सव्वासहा फुटांवर येतो. सुमारे २६ चौरस फूट गायब, शिवाय जुने वासे कायमचे झाकले जातात आणि गळती दिसायची बंद होते. दिसत नाही म्हणून कुजणं थांबत नाही.

वर लावला तर आतली उंची तशीच राहते, पण सगळी कौलं उतरवावी लागतात आणि छप्पर बाहेरून साडेतीन इंच वर येतं. घरच्यांना खर्चाची धास्ती, डिझाइनरला वासे उघडे हवेत. इथे दोघांनी दोन्ही पर्यायांचे नग आणि मापं असलेले दोन तक्ते समोरासमोर ठेवले. निर्णय ‘वर’ असा झाला, आणि आमच्या मते तो योग्य आहे.

थर असे: वाशांवर १२ मिलिमीटर प्लाय, त्यावर पाणीरोधक कापड, ५० मिलिमीटर एक्सपीएस (उष्णतारोधक ताठ फोम), मग उताराच्या दिशेने २५ मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि शेवटी कौलं. यातल्या उभ्या पट्ट्या बहुतेक ठिकाणी गाळल्या जातात, कारण त्या कुणाला दिसत नाहीत. त्या नसतील तर फुटक्या कौलातून आलेलं पाणी आडव्या रिपेपाशी अडतं, तिथेच साचतं आणि रीप दोन-तीन पावसाळ्यांत सडते. शिवाय कौलांखालून हवा वर चढायची वाट बंद होते, आणि माळा थंड राखण्यात त्या हवेचा वाटा मोठा आहे. वळचणीपाशी हवा आत येते, आढ्याच्या कौलाखाली सोडलेल्या बोटभर फटीतून बाहेर जाते. दोन्हीकडे बारीक जाळी हवी, नाहीतर खारी एक्सपीएस कुरतडून घरटं करतात.

उभ्या पट्ट्यांचे स्क्रू १२५ मिलिमीटरचे, थेट वाशात गेलेले. चुकलेला स्क्रू आतून प्लायमधून डोकावतो; असे पाच-सहा स्क्रू सहज मोजता येतात. कापून रंगवले आहेत, पण मुळात वाशांच्या रेषा वर दोरीने आखून घेतल्या असत्या तर चुकले नसते.

कौलांची संख्या काढायची पद्धत: उतार ९ फूट, वळचण दीड फूट, दोन बाजू, लांबी २२ फूट, मिळून ४६२ चौरस फूट, म्हणजे ४३ चौरस मीटर. चौरस मीटरला १५ कौलं धरून ६४५, आणि दहा टक्के जादा. जुनी चांगली कौलं टिचकी मारून निवडली; खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर तडा आहे. जुनी आणि नवी कौलं एकाच उतारावर मिसळू नयेत. दोन कारखान्यांच्या कौलांची खाच मिलिमीटरभर जरी वेगळी असली तरी ती एकमेकांत बसत नाहीत आणि तिथून वाऱ्याचा पाऊस आत येतो. इथे जुनी सगळी मागच्या उतारावर, नवी पुढच्या. दिसायला थोडं विचित्र, पण गळत नाही. शेजाऱ्यांची माकडं मात्र यातला फरक मानत नाहीत, म्हणून जादा कौलं घरातच रचून ठेवली आहेत.

छप्पर साडेतीन इंच वर आल्याने दोन गुंते झाले. एक, शेजारच्या सामाईक भिंतीपाशी जुना जस्ती पत्रा तोकडा पडला. नवा पत्रा भिंतीत एक इंच खोल खाच मारून, चुन्याच्या मालाने बंद केला आहे. नुसत्या सिलिकॉनवर विसंबलेले असे सांधे बडोद्याच्या उन्हात फार टिकत नाहीत. खाच सामाईक भिंतीत असल्याने शेजाऱ्यांची लेखी संमती घेतली. हे काम घरमालकांचं होतं आणि त्यांनी ते वेळेत केलं. दुसरा गुंता परवानगीचा. दांडिया बाजार-रावपुरा भागात तांबेकर वाडा आहे, आणि तो पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. कायद्याने अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. या हद्दीत जुन्या घराच्या दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते, आणि छपराची उंची बदलणं ही लपून राहणारी गोष्ट नाही. कार्यालयाने पहिल्याच आठवड्यात अंतर मोजून घेतलं आणि महानगरपालिकेतही आधी विचारणा केली. या भागात काम करणाऱ्या डिझाइनरला हे विचारावं लागत असेल, त्याने आपणहून सांगितलं नसेल, तर दुसरा शोधावा.

जिना, वीज आणि फसलेल्या गोष्टी

मजल्याची उंची ९ फूट. जुना जिना शिडीसारखा होता. डिझाइनरचा पहिला आराखडा गोल लोखंडी जिन्याचा, फोटोत देखणा. घरच्यांनी एकच प्रश्न विचारला, गादी कशी चढवायची? आराखडा बदलला. १०८ इंचांच्या १५ पायऱ्या केल्या की प्रत्येकी ७.२ इंच उंची येते, १० इंचांची पावठणी (पाय टेकायची जागा) धरली तर १४ पावठण्यांना ११ फूट ८ इंच लांबी लागते. सरळ एवढी जागा नव्हती, म्हणून काटकोनात वळवला. जुनं भोक वाढवताना तीन कड्या कापाव्या लागल्या. त्यांची टोकं आडव्या सागवानी कडीत कुसू करून बसवली आहेत, नुसती खिळ्यांवर टांगलेली नाहीत. काटकोनी जिन्यातूनही आठ बाय चारचा प्लाय वळत नाही. तो गच्चीकडच्या त्रिकोणी भिंतीच्या खिडकीतून दोरीने घेतला. म्हणून ती खिडकी शेवटी बसवायची, हा क्रम आराखड्यातच लिहिलेला होता.

विजेचं काम बरं आहे, त्याहून जास्त नाही. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, माळ्यासाठी वेगळा बोर्ड आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). उघड्या लाकडावरून तारा लोखंडी नळीतून नेल्या आहेत, ते योग्य. पण वायरमनला छप्पर बंद झाल्यावर बोलावलं, त्यामुळे आढ्यालगतची नळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाते. एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर दोन ठिकाणी लाकडी खाचेत बंद केले आहेत. ते तापतात, खराब होतात, आणि बदलायला पट्टी उखडावी लागेल. एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज एसी लावल्यानंतर गेला. क्रम उलटा झाला.

काचेची कौलं ही या कामातली खरी चूक. उत्तरेच्या उतारावर सहा काचेची कौलं घालायची कल्पना उत्तम होती, ऊन कमी येऊन उजेड मिळतो. पण वाशांवर थर टाकायचा ठरल्यावर त्या कौलांखाली प्लाय आणि एक्सपीएस कापून खोके करावे लागले आणि आतून काच बसवावी लागली. आतली काच पक्की चिकटवलेली आहे. वरच्या कौलाच्या फटीतून धूळ आणि पारव्यांची पिसं आत येतात, काचेवर बसतात, आणि साफ करायला मार्गच नाही. आताच उजेड मंदावला आहे. काच बिजागरीवर किंवा चार स्क्रूंच्या चौकटीत असती तर पाच मिनिटांचं काम होतं. कार्यालयाने ती बदलून द्यायचं कबूल केलं आहे, आणि खर्च स्वतःच्या खिशातून.

वेळापत्रकाबद्दल. बडोद्यात छप्पर उघडायचं तर उत्तरायणानंतर. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं शहर छपरांवर असतं, कौलांवर उड्या पडतात, त्याआधी नवं काम करून ठेवण्यात अर्थ नाही. होळीला दाहोद, छोटा उदेपूरकडचे मजूर गावी जातात आणि लवकर परतत नाहीत. जूनच्या मध्यापासून पाऊस. म्हणजे छपरासाठी जानेवारीअखेर ते मे, मध्ये होळीची खिंड. कार्यालयाला हे सगळं माहीत होतं, तरी चॅनल आणि पुढच्या उताराच्या कौलांची मागणी आराखडा पूर्ण मंजूर होईपर्यंत रोखून धरली. परिणामी कौलं उतरायला एप्रिलचा शेवट उजाडला. मेमध्ये छपरावर सकाळी सात ते अकराच काम होतं, त्यानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. उरलेलं काम ताडपत्रीखाली, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पाऊस वेळेवर आला असता तर प्लायचे थर वाया गेले असते. तुळया तपासून झाल्या की लोखंड आणि कौलं मागवता येतात, त्यासाठी टेबलाचा रंग ठरायची वाट पाहायची गरज नसते.

घरच्यांकडूनही उशीर झाला, तो स्वच्छतागृहावरून. माळ्यावर संडास हवा, नको, हवा, असं तीनदा फिरलं. ११० मिलिमीटरच्या मैलावाहिनीला ४० फुटांना एक फूट उतार हवा. खालचा पाइप जिन्याच्या विरुद्ध टोकाला असल्याने २० फुटांच्या अंतरावर सहा इंच उतार लागला असता आणि पाइप कड्या कापूनच गेला असता. डिझाइनरने हे पहिल्यांदाच आकड्यांत सांगितलं असतं तर पुढच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. शेवटी नुसतं हात धुण्याचं बेसिन आलं, ४० मिलिमीटरच्या पाइपवर, बाहेरच्या भिंतीलगत.

या सेवेतली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे एक साधी वही. डाव्या पानावर निर्णय, उजवीकडे तारीख, दोघांच्या सह्या, आणि निर्णय बदलला तर किती नग, किती दिवस वाढले ते. जिप्समचं छत रद्द, टाकी रद्द, थर वाशांवर, काच चिकटवून. सगळं तिथे आहे. काचेचा दोष कुणाचा यावर वाद न होता कार्यालयाने खर्च उचलला तो या वहीमुळे.

फीबद्दल एक व्यवहार पक्का करून घ्यावा. एकूण खर्चाच्या टक्केवारीवर फी असेल तर डिझाइनरच्या प्रत्येक नकाराने त्याचीच कमाई घटते, आणि माळ्याच्या कामात नकारच जास्त मोलाचे असतात. इथे फी ठरावीक रकमेची होती आणि चार हप्त्यांत: लाकडाची तपासणी झाल्यावर, आराखडा आणि मापांचा तक्ता हाती आल्यावर, छप्पर बंद झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावर. ठेकेदाराच्या बिलातूनही दहा टक्के दसऱ्यापर्यंत राखून ठेवले होते. पावसात पुढच्या उतारावर, आढ्याच्या दुसऱ्या कौलापाशी एकच थेंब लागला, सुतार येऊन कौल बदलून गेला, आणि पैसे दिले गेले.